सीपॅप मशीन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारे मशीन. गेले नऊ महिने, सुरुवातीचे काही दिवस आणि वीज गेलेल्या व सर्दीने नाक बंद झालेल्या काही रात्री सोडल्या, तर मी रोज त्याचा मास्क लावून झोपते आहे. मशीन घेण्यापूर्वी मराठीत कोणी सविस्तर अनुभव लिहिला आहे का, हे मी पुष्कळ शोधले होते. जे हाती लागले ते बहुतेक विक्रेत्यांनी लिहिलेले होते. म्हणून, विशेषतः माझ्याइतके वजन असलेल्या बायकांसाठी, हे लिहीत आहे.

माझे वय ४७, उंची १५५ सेंटिमीटर आणि मशीन घेतले त्या आठवड्यात वजन १४२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ५९. हे वजनसुद्धा सहजासहजी कळले नव्हते, कारण आमच्या जवळच्या दवाखान्यातील काटा १२० किलोपर्यंतचाच आहे. शेवटी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, पतींच्या ओळखीच्या एका अडत दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, गुळाच्या रव्यांच्या काट्यावर मी उभी राहिले. तो आकडा कागदावर लिहून घेताना माझे डोळे भरून आले होते, हे इथे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मशीनपूर्वीची तीन वर्षे उत्तरपत्रिका तपासताना मला झोप लागत असे आणि जाग आली की लाल पेनाची रेघ उत्तरावरून खाली पानाच्या कडेपर्यंत ओघळलेली दिसे. सकाळी उठल्यावर डोके जड होऊन दुखे. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागे. या तक्रारी मी ज्यांना ज्यांना सांगितल्या, त्यांनी थायरॉईड पाहिले, हिमोग्लोबिन पाहिले, पाळी जाण्याचे वय आहे असे सांगितले आणि शेवटी सर्वांनी एकच वाक्य उच्चारले: आधी वजन कमी करा. झोपेत काय होते, हे कोणी विचारले नाही, आणि बाईमाणसाच्या घोरण्याविषयी आपल्याकडे बोलायचीही चोरी, म्हणून मीही सांगितले नाही.

सांगितले ते सासूबाईंनी. “अगं, तुझं घोरणं थांबलं की मी जागी होते. पुन्हा सुरू होईपर्यंत माझा डोळा लागत नाही,” असे त्या एका सकाळी म्हणाल्या. त्यानंतर पतींनी मोबाईलवर चित्रण केले. त्यात घोरणे एकाएकी थांबते, पोट आणि छाती श्वासासाठी धडपडताना दिसते, पण आवाज नाही. ४१ सेकंदांनंतर गुदमरल्यासारखा एक मोठा आवाज होऊन श्वास परत येतो. ते चित्रण छातीच्या डॉक्टरांना दाखवले आणि त्यांनी त्याच आठवड्यात रात्रभराची झोपेची तपासणी करून घेतली. तासाला सरासरी ६८ वेळा श्वास थांबत होता किंवा अपुरा पडत होता. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात आणि ३० च्या वरचा आकडा तीव्र मानतात. रक्तातील ऑक्सिजन ६४ टक्क्यांपर्यंत उतरत होता. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन कार्बन डायऑक्साइडही तपासला, कारण अतिलठ्ठ माणसाच्या शरीरात तो दिवसाही साचून राहू शकतो; सुदैवाने माझा मर्यादेत होता.

असे का होते, हे त्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. जिभेत आणि घशाभोवती चरबी साठलेली असते. झोपेत स्नायू सैलावले की आधीच अरुंद झालेली वाट मिटते. उताणे झोपल्यावर पोटाचा भार छातीखालच्या पडद्याला वर ढकलतो, फुप्फुसात हवा कमी राहते आणि घशाला खालून मिळणारा ताणही कमी होतो. सीपॅप मशीन ऑक्सिजन देते, हा पुष्कळांचा गैरसमज असतो. ते खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने आत सोडते आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. माझ्या जन्मानंतर थोड्याच वर्षांनी शोधलेली गोष्ट माझ्यापर्यंत पोहोचायला इतका काळ लागला, याची मला खरोखर खंत वाटते.

आता मशीनविषयी. माझे मशीन ऑटो प्रकारचे आहे, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेत गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करते; माझी मर्यादा ८ ते १६ सेंटिमीटर पाणी (या दाबाचे एकक) इतकी आहे. मशीन आणि ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) मिळून ४६,००० रुपये आणि मास्क वेगळा ७,००० रुपये पडला. पहिल्या विक्रेत्याने डॉक्टरांची चिठ्ठी न वाचता दाब १० वर कायम करून दिला होता आणि मास्कही मोठ्या मापाचा दिला होता. “वजन जास्त आहे, म्हणजे लार्जच लागेल,” असे तो म्हणाला. मास्कचे माप शरीराच्या वजनावर ठरत नाही, नाकाच्या आणि चेहऱ्याच्या मापावर ठरते. मला मीडियम बसतो. तो मास्क परत घ्यायला त्याने नकार दिला आणि पहिले तीन आठवडे डोळ्यांत हवा जाऊन वाया गेले. मास्क घरी, आडवे होऊन, दाब चालू ठेवून लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिल्या रात्री मी वीस मिनिटांत तो काढून फेकला. जीव घुसमटतो, पोटात हवा जाऊन पोट फुगते, तोंड उघडले की सगळा दाब निसटतो. पुढचे आठ दिवस संध्याकाळी टीव्ही पाहताना अर्धा-अर्धा तास मास्क लावून बसले, तेव्हा कुठे अंगवळणी पडले. बारीकसारीक गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या, त्या अनुभवाने शिकले. अंबाडा घातला की मागचा पट्टा वर सरकतो, म्हणून आता सैल वेणी घालून ती पुढे घेते. रात्री चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावले की मास्कची सिलिकॉनची उशी घसरते, म्हणून चेहरा धुऊन, पुसूनच मास्क लावते. ती उशी रोज सकाळी साबणाच्या पाण्याने धुते. ह्युमिडिफायरमध्ये नळाचे पाणी घातल्यावर तळाला पांढरा थर बसला, तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटरच वापरते. डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येऊ लागला. ह्युमिडिफायरची पातळी एकाने कमी केली आणि नळीवर जुन्या शालीची पट्टी शिवून चढवली, मग थांबला. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर ह्युमिडिफायर बंद ठेवते, म्हणजे बॅटरी पुरते.

परिणाम सांगायचा तर मशीनमधल्या मेमरी कार्डाची नोंद आता श्वास अडकण्याचा आकडा तासाला ३ दाखवते. योग्य मास्क मिळाल्यावर सकाळची डोकेदुखी दुसऱ्याच आठवड्यात गेली. रात्री लघवीला एकदा उठते, कधी तेही नाही. श्वास अडकला की छातीत ओढ निर्माण होऊन हृदयावर ताण येतो आणि त्यामुळे लघवी वाढवणारे संप्रेरक स्रवते, हे डॉक्टरांकडून कळल्यावर, दोन वर्षे मूत्राशयासाठी घेतलेल्या गोळ्या आठवून मी बराच वेळ गप्प बसले होते. मार्चमध्ये दहावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. एकाही पानावर तशी रेघ नाही.

मशीनने वजन मात्र कमी होत नाही, आणि तशी आशा कोणी दाखवत असेल तर विश्वास ठेवू नका. माझे आज १३८ आहे, ते आहारतज्ज्ञांच्या मदतीने. गुडघे तसेच आहेत, पोटाच्या घडीखाली पावसाळ्यात होणारा बुरशीचा संसर्ग तसाच आहे. रक्तदाब थोडा उतरला, पण त्यातला काही भाग आधीच्या चुकीच्या मोजणीचाही होता: माझ्या दंडाचा घेर ४३ सेंटिमीटर आहे आणि नेहमीच्या पट्ट्याने रक्तदाब खोटा जास्त येतो. मोठा पट्टा आणा, असे मी आता प्रत्येक ठिकाणी स्पष्ट सांगते.

पुढचा टप्पा बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, शस्त्रक्रियेचा आहे. वजन उतरवण्यासाठी दर आठवड्याला घ्यायच्या टिर्झेपॅटाइड इंजेक्शनचाही विचार झाला, ते मार्च २०२५ पासून भारतात मिळते. पण माझ्या वजनाला आणि खिशाला शस्त्रक्रिया अधिक योग्य, असे डॉक्टरांचे आणि माझे मत पडले. आरोग्य विम्याच्या नियमांत बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून सोबत तीव्र स्लीप ॲप्नियासारखा आजार असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने होणारी ही शस्त्रक्रिया वगळलेल्या गोष्टींत मोडत नाही, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. विमा प्रतिनिधीने मला दोनदा “लठ्ठपणाचं काही मिळत नाही” असे सांगितले होते.

भूलतज्ज्ञांची भेट पुढच्या महिन्यात आहे. त्यांनी कार्डातील तीन महिन्यांच्या नोंदी मागितल्या आहेत आणि दाखल होताना स्वतःचे मशीन व मास्क सोबत आणायला सांगितले आहे. मास्कची नवी उशी मी आजच मागवली.