घरभर माणसे आणि मोठ्याने वाचण्याची दोन पुस्तके

नातेवाईक एकत्र जमण्यावरचे चित्रपुस्तक मुलांना वाचून दाखवण्यासाठी निवडताना मी आता सर्वांत आधी हे पाहते, की माणसे येण्यापूर्वीची वाट पाहणे त्यात आहे की नाही. पानोपानी नुसती गर्दी असली की वाचणाऱ्याच्या आवाजाला कुठे थांबावे हेच कळत नाही आणि ऐकणाऱ्या मुलाला सगळे चेहरे सारखेच वाटू लागतात.

या दृष्टीने ट्रिश कुक यांनी लिहिलेले आणि हेलन ऑक्सनबरी यांनी चितारलेले ‘सो मच’ (1994) हे पुस्तक मला फार मोलाचे वाटते. आई आणि बाळ घरात नुसते बसलेले आहेत, दाराची घंटा वाजते आणि एकेक नातेवाईक आत येतो. कोणाला बाळाला कवटाळायचे असते, कोणाला त्याचे मुके घ्यायचे असतात, तर कोणाला त्याच्याशी लुटुपुटूची कुस्ती खेळायची असते. घंटेपूर्वीची पाने फिकट रंगांत आहेत आणि पाहुणा आत येताच चित्र रंगांनी भरून जाते. त्यामुळे अजून वाचता न येणाऱ्या मुलालाही आवाज केव्हा चढणार हे आधीच समजते. माझी चार वर्षांची भाची फिकट पानावर तळहात दाबून धरते आणि घंटेचा आवाज स्वतः काढल्याशिवाय मला पान उलटू देत नाही. ही सगळी मंडळी कशासाठी जमली आहेत, याचा उलगडा बाबा घरी आल्यावरच होतो, आणि तोपर्यंत मुलांची उत्सुकता जराही ढळत नाही.

सिंथिया रायलंट यांचे ‘द रिलेटिव्ह्ज केम’ (1985) यापेक्षा शांत आहे. डोंगरातल्या रस्त्याने रात्रंदिवस गाडी चालवत आलेले पाहुणे, कधी न संपणाऱ्या गळाभेटी, मिळेल त्या जागी अंथरुणे आणि रात्री घरभर ऐकू येणारे इतक्या माणसांचे श्वास: हे शेवटचे वर्णन आवाज अगदी खाली आणून वाचावे. स्टीफन गॅमेल यांच्या रंगीत पेन्सिलींच्या चित्रांना 1986 मध्ये अमेरिकेतला चित्रपुस्तकांच्या चित्रांसाठीचा कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. मात्र त्यांतले बारकावे इतके दाट आहेत की वर्गात मागे बसलेल्या मुलांना ते दिसत नाहीत, शिवाय सोबत म्हणायला पालुपदही नाही. हे पुस्तक मांडीवरच्या एकदोन मुलांसाठीच घ्यावे. पाहुणे गेल्यावर अंथरूण फार मोठे वाटू लागते, पुस्तकातला तो प्रसंग अशा जवळून केलेल्या वाचनात नीट पोहोचतो.

दोन्ही पुस्तके इंग्रजीत असल्याने मी ती वाचता वाचताच मराठीत सांगते. ‘सो मच’मधल्या आंटीला मावशी म्हणावे की आत्या, हे तिथे ठरवावे लागते, कारण मूळ शब्द दोन्ही सामावून घेतो. मी पहिल्या वाचनात आत्या म्हटले, आणि भाचीच्या लेखी ती आता कायमची आत्या झाली आहे.