खिडक्यांची ‘इन्सुलेशन फिल्म’: २४,९०० रुपये गेले, वर काचही तडकली

सोसायटीत रविवारी सकाळी टेबल मांडून, लाल दिव्यापुढे काच धरून ‘ताई, हात लावून बघा, गरम लागतंय का?’ म्हणणारा माणूस आला, तर एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका. तो किती गोड बोलतो, कमिटीने त्याला परवानगी दिली आहे का, शेजाऱ्यांनी बुकिंग केलंय का, याने काही फरक पडत नाही. आमच्याकडे हे तिन्ही होतं.

आमचा फ्लॅट सिंहगड रोडला, सातव्या मजल्यावर, हॉल आणि एक बेडरूम पश्चिमेला. मार्च लागला की दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही. सासूबाईंना तर उन्हाचा फार त्रास होतो. तेव्हा काचेवर चिकटवायची, ऊन अडवणारी फिल्म लावायचं माझ्या डोक्यात आधीपासूनच होतं. कोणी येऊन भुलवलं आणि मी भुलले, असं झालेलं नाही.

त्या माणसाकडे दोन काचा होत्या, एक साधी आणि एक फिल्म लावलेली. मागे लाल दिवा. साध्या काचेपुढे हात भाजतो, फिल्मच्या काचेपुढे काहीच लागत नाही. ‘९७ टक्के उष्णता अडवते,’ म्हणाला. मी स्वतः हात धरून बघितला, म्हणजे दिवा खरा होता आणि फरकही खरा होता. पण अशा दिव्यातून मुख्यतः इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण, बाहेर पडतं. उन्हातली जवळपास निम्मीच ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते, बाकीची बरीचशी दिसणाऱ्या उजेडातून आत येते आणि तीही घर तापवते. विचारायचा आकडा असतो ‘टोटल सोलर एनर्जी रिजेक्टेड’चा, म्हणजे उन्हातली एकूण किती ऊर्जा फिल्म अडवते त्याचा. तो कागदावर लिहून मागा. देत नसेल तर तिथेच विषय संपवा.

मग त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. एक बाई खिडकीच्या चौकटीला दुहेरी चिकटपट्टी लावते, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणते, हेअर ड्रायर फिरवून ते घट्ट करते. खिडकीबाहेर बर्फ पडतोय. बर्फ! थंड देशांत काच आणि प्लास्टिकच्या मध्ये हवा अडकवून घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, त्यासाठीची ती वस्तू. काचेतून सरळ आत येणाऱ्या उन्हाला ते पारदर्शक प्लास्टिक काय अडवणार? पुण्याच्या उन्हाशी त्याचा संबंध नाही. मी बघितलं, ह्यांनी बघितलं, कमिटीचे सेक्रेटरीही मागे उभे होते. कोणी एक शब्द काढला नाही.

भाव ठरला चौरस फुटाला १६५ रुपये. आमच्या खिडक्या १२८ चौरस फूट, म्हणजे २१,१२०. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,८०१ रुपये ६० पैसे. ‘ताई, तुमच्यासाठी २४,९०० करतो.’ १२,५०० ॲडव्हान्स, १२,४०० काम झाल्यावर. यूपीआयचा कोड स्कॅन केला तर नाव फर्मचं नाही, कुणा माणसाचं. ‘करंट अकाउंटचं काम चालू आहे, पार्टनरचं खातं आहे.’ फर्मच्या नावाचं खातं नसेल तर पैसे पाठवू नका, कारण काहीही सांगू देत.

काम करायला दोन मुलं आली तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते, घरात सासूबाई. फिल्मचा रोल खोक्यात नव्हता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. त्यावर ना लेबल, ना बॅच नंबर. सासूबाईंनी दाराशी येऊन मला खूण केली, ‘अगं, नमुना फिकट होता, ही निळी-काळी दिसतेय.’ मी कॉल म्यूट करून बाहेर गेले आणि विचारलं. मुलगा म्हणाला, ‘ओली आहे म्हणून गडद दिसते, वाळली की फिकट होते.’ फिल्मचा रंग वाळल्यावर बदलत नसतो. ओली असो की सुकी, छटा तीच राहते. हे मला आज माहीत आहे. त्या क्षणी एका काचेचं काम झालं होतं, बाकी सगळ्या कोऱ्या होत्या. तिथेच ‘थांबा, नमुना आणा, शेजारी धरा’ म्हणायला हवं होतं, हे रोज डोक्यात येतं. पण ज्याच्या कामाची मला माहिती नाही, त्याने कामातलं कारण सांगितल्यावर मी कशाच्या जोरावर वाद घालणार होते? संध्याकाळी उरलेले १२,४०० दिले.

काचेवर बुडबुडे होते. ‘महिनाभर थांबा, पाणी सुकतं.’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते वापरतात. साबणाच्या पाण्यावर लावलेल्या फिल्मखालचा ओलावा सुकायला काही आठवडे लागू शकतात. पण पाण्याचे थेंब हळूहळू लहान होतात. हवेचे फुगे आणि आत अडकलेली धूळ तशीच राहते. आमचे फुगे तसेच राहिले. महिना उलटला आणि त्याचा फोन बंद. त्या महिन्यासाठीच ते ‘थांबा’ होतं.

मे महिन्यात हॉलची मोठी काच कडेपासून आत तडकली. काचवाला आला, बघताक्षणी म्हणाला, ‘गडद फिल्म ऊन पिते. मधली काच तापते, चौकटीतली कड थंड राहते, तिथून तडा जातो. लावायच्या आधी काच कुठली आहे ते बघतात.’ ही रंगवलेली स्वस्त फिल्म आहे, पुढे जांभळी पडेल, असंही तो म्हणाला. नवी काच ३,४००, बाकीची फिल्म खरवडून काढायचे २,८००. एकूण ३१,१०० रुपये गेले आणि हॉल तितकाच तापतोय.

आता पुढचं ऐका. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, ‘मॅडम, काम तर झालंय ना? ही सिव्हिल मॅटर आहे.’ म्हणजे दिवाणी वाद, पोलिसांचं काम नाही. एक नमुना दाखवून दुसराच माल लावायचा, बिलावर खोटा जीएसटी क्रमांक छापायचा, दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड द्यायचं आणि आमच्या विंगमधल्या तिघांच्या कार्डांवर एकच सीरियल नंबर! हे सिव्हिल? फसवणुकीचं कलम ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं. कलमाचा आकडा बदलला, टेबलामागचं उत्तर तेच. पैसे यूपीआयने गेलेत म्हणून सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस तुमच्या घरी आला होता, हे ऑनलाइन नाही, चौकीत जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. बिलावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. आणि आमची कमिटी? ‘आम्ही फक्त जागा दिली.’ त्या जागेचे ३,००० रुपये घेतले होते, ते मात्र पावतीसकट हिशेबात आहेत. रहिवाशांच्या दारात माणूस बसवताना त्याचं ओळखपत्र आणि जीएसटी क्रमांक तपासायला किती वेळ लागतो?

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव समोर येतं. आमच्या बिलावर १४ अक्षरं आहेत, आणि त्याच बिलावर माझ्याकडून जीएसटी वसूल केलाय.

फिल्म लावायचीच असेल तर आधी एकाच काचेला लावून घ्या, दोन-तीन दुपारी शेजारच्या कोऱ्या काचेशी ताडून बघा, मग बाकीचं बोला. रोल तुमच्यासमोर खोक्यातून निघायला हवा. पोलिसांकडे अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगितलेलं कोणी लिहून घेत नाही.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. अडलंय ते नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची यावर. पुण्यात कुणाकडे असंच १४ अक्षरांच्या क्रमांकाचं बिल असेल, किंवा त्या माणसाचा खरा पत्ता माहीत असेल, तर बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा आणि मला कळवा. आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते, आणि आमच्या विंगमधले आम्ही तिघे त्यासाठी तयार आहोत.