सहा दिवसांचं स्प्लिट की तीन दिवसांचं फुल बॉडी?

जिममध्ये मी दोन्ही केलंय. आधी दीड वर्ष सहा दिवसांचं स्प्लिट, म्हणजे रोज वेगळ्या स्नायूंचा व्यायाम, आणि आता वर्ष होत आलं, सोम-बुध-शुक्र फुल बॉडी, म्हणजे दरवेळी सगळ्या शरीराचा. त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या शरीरापुरतं आणि माझ्या नोकरीपुरतं धरा.

स्प्लिटमध्ये मजा आहे, हे मान्यच. एका दिवशी फक्त चेस्ट, तासाभरात मोकळे. दंडांना तर त्यात भरपूर काम मिळतं, फुल बॉडीत तेवढं मिळत नाही. रोजची संध्याकाळ ज्याच्या हातात आहे, त्याला ते छान मानवेलही.

मला नडला तो बुडालेला दिवस. माझे लेग्ज गुरुवारी असायचे. नेमका गुरुवारीच ऑफिसात उशीर, नाहीतर पाऊस आणि हिंजवडीचं ट्रॅफिक. शुक्रवारी शोल्डर ठरलेले, म्हणजे लेग्ज थेट पुढच्या आठवड्यात. पंधरा दिवसांनी स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठका, मारले की मांड्या अशा भरून यायच्या की शनिवारी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. एकदा डायरी काढून चार महिन्यांच्या नोंदी मोजल्या. चेस्टच्या सोळा, लेग्जच्या नऊ. स्क्वॉट पहिल्या पानावर ६० किलो, शेवटच्या पानावरही ६०. त्याच आठवड्यात स्प्लिट सोडलं.

आता बुधवार हुकला तर गुरुवारी जातो आणि शुक्रवारचं शनिवारवर ढकलतो. अगदी बुडालाच, तरी त्या आठवड्यात पाय दोनदा झालेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही सगळ्या मुख्य स्नायूंना आठवड्यातून किमान २ दिवस काम देण्याचीच आहे.

स्प्लिटवाले मित्र म्हणतात, एका स्नायूला आठवडाभर आराम मिळतो. चेस्टला मिळत असेल. पण चेस्ट, शोल्डर, ट्रायसेप्स या तिन्ही दिवशी खांद्याचा पुढचा भाग राबतोच की! माझा डावा खांदा कायम कुरकुरायचा, तो आता गप्प आहे. जड व्यायामानंतर स्नायूंची बांधणी साधारण २४ ते ४८ तास जोरात चालते, त्या हिशेबाने एक दिवसाआड मला नेमकं बसतं.

त्रास फुल बॉडीतही आहे. वेळ सव्वा-दीड तास जातो. जड स्क्वॉटमध्ये दोन सेटच्या मध्ये ३ मिनिटं थांबावंच लागतं, आणि संध्याकाळी सातला रॅकपाशी "भाऊ, किती सेट राहिलेत?" विचारणारे उभेच असतात. मी सकाळी सहाची वेळ धरली. त्यासाठी दहाला झोपतो, हा फायदा वेगळाच.

दमसासाचं मात्र जपून. सुरुवातीला मंगळवारी मी पर्वतीच्या पायऱ्या पळत चढायचो, तीन-चार फेऱ्या. बुधवारी स्क्वॉटचा ८० किलोचा बार तिसऱ्याच रेपला (बैठकीला) अडकला, एरवी पाच सहज निघायचे. आता मंगळवारी आणि गुरुवारी नुसतं अर्धा तास भरभर चालतो. पर्वती शनिवारी, रविवारी पूर्ण सुट्टी. स्क्वॉट सध्या ९० वर आहे.

तरीही स्प्लिटच करायचं ठरलं असेल, तर निदान लेग्ज सोमवारी ठेवा.