फाइल नानांच्या नंबरवरून आली होती

गावात कुणाची ई-केवायसी अडली, कुणाला सातबारा काढायचा असला की लोक माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. "तुले मोबाइलमधलं समजस, जरा देखी दे ना भाऊ." तर ज्याला समजतं तोच मोबाइलवर आलेल्या खोट्या फाइलला फसला. आधी हे लपवायचाच विचार होता. पण माझ्यामुळे आणखी एक जण बुडाला, म्हणून लिहितोय.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात. ओसरीत वेचणीच्या कापसाचा ढीग, आणि त्याच ढिगाला टेकून मी संध्याकाळी मोबाइल बघत बसलेलो. पहिल्या वेचणीचे ८४ हजार व्यापाऱ्याने आदल्याच दिवशी खात्यावर टाकले होते. गावच्या शेतकरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नानांच्या नंबरवरून एक फाइल आली, नाव 'पीएम किसान नवीन यादी', शेवटी डॉट एपीके. नाना म्हणजे निवृत्त मास्तर. सुविचारसुद्धा तपासून पुढे पाठवणारा माणूस. त्यात माझे केंद्राचे दोन हप्ते अडकलेले. वर्षाला ६ हजार, २-२ हजारांचे तीन हप्ते, आणि राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच वेगळे. यादीत नाव आहे का, एवढंच बघायचं होतं.

यादी कधी एपीके नसते. एपीके म्हणजे ॲप. हे मला माहीत होतं, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट. मोबाइलनेही विचारलं होतं, की हे अनोळखी ठिकाणचं आहे, हानिकारक असू शकतं, तरी टाकायचं का? मी 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. फुकट मॅच बघायची ॲपं पोरांना टाकून देता देता त्या बटणाची बोटाला सवयच झाली होती. मग त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. कॉन्टॅक्टची मागितली, तीही दिली. समोर फॉर्म उघडला. वर सरकारी छापाचं चित्र, खाली आधार नंबर, जन्मतारीख, गट नंबर. शेवटी 'पडताळणीसाठी १ रुपया', आणि त्यासाठी कार्डावरचे १६ आकडे, मुदत, मागचे तीन आकडे. एका रुपयाला कोण घाबरतो? भरलं. गोल चक्र फिरत राहिलं. मी मोबाइल ठेवला आणि बैलांना चारा टाकायला गेलो.

तो अर्धा-पाऊण तास चोरांना पुरला. ओटीपी माझ्याच मोबाइलवर येत होते, पण मेसेज वाचायची परवानगी मीच दिलेली. ॲप ते उचलून पुढे पाठवत होतं आणि मला काही दिसू देत नव्हतं. पैसे कटल्याचे मेसेजही दिसले नाहीत. मला कळलं ते बायकोमुळे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता थापता तिने आतून विचारलं, "अहो, तुम्ही मला ही कसली यादी पाठवली?" मी काहीच पाठवलं नव्हतं. माझ्या व्हॉट्सॲपवरून तीच फाइल सगळ्या नातेवाइकांना, दोन भजनी मंडळांना आणि पोराच्या शाळेच्या ग्रुपवर गेली होती. बँकेचं ॲप उघडलं. ४० हजार, २५ हजार, ९,९९९. शिल्लक ९,००१.

यानंतर मी जे केलं ते कुणी करू नये. मोबाइल बंद-चालू केला, तीनदा. ते ॲप शोधत बसलो, तर त्याचं चिन्हच गायब. आधी नेट बंद करायचं, सिम काढून दुसऱ्या साध्या मोबाइलमध्ये टाकायचं, हे सुचलंच नाही. दुसरा शनिवार म्हणून बँक बंद. गुगलवर कस्टमर केअर शोधलं, तर पहिलाच नंबर उचलणारा म्हणतो, स्क्रीन शेअरचं ॲप टाका. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. बँकेचा खरा नंबर कार्डाच्या मागेच छापलेला असतो. कार्ड ब्लॉक केलं आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर १९३०, त्याला फोन लावला, तेव्हा ८ वाजून २० मिनिटं झाली होती. शेवटचा व्यवहार ७ वाजून ३१ मिनिटांचा. मधला वेळ लाजेत गेला. लोक काय म्हणतील, 'ह्याले तं समजतं ना'.

१९३० वर खाते क्रमांक, व्यवहारांचे नंबर, वेळा विचारतात. मग पैसा ज्या खात्यात गेला असेल तिथे थांबवायला त्या बँकेला कळवतात. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण करायची असते. ती मी दुसऱ्या दिवशी भाच्याच्या लॅपटॉपवर केली. माझे २५ हजार परराज्यातल्या एका खात्यात अडकवता आले. बाकीचे त्याच रात्री एटीएममधून निघाले. अडकलेलेही अजून हातात नाहीत, कोर्टाच्या आदेशाची वाट बघतोय. बँकेने रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक पुढे केलं. माहिती ग्राहकानेच दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. माझं सगळं कळवण्याआधीचं.

एरंडोलच्या मामेभावाचे ११ हजार गेले. "भाऊ, तुनं नाव देखीसन उघडी," एवढंच म्हणाला. मला ७५ हजारांपेक्षा ते जास्त लागलं. मी नानांवर विश्वास ठेवला, त्याने माझ्यावर. नाना तरी कुणावर ठेवून बसले होते, देव जाणे.

महिनाभराने एक फोन आला. "तुमचे ७४,९९९ परत मिळणार आहेत, फाइल चार्ज २,५०० भरा." त्याला माझी रक्कम माहीत होती, जन्मतारीख माहीत होती, आधारचे शेवटचे चार आकडेही. म्हणजे तो फॉर्म अजून कुठेतरी फिरतोय. कार्ड बदललं, पण जन्मतारीख कुठून बदलणार? एमआधार ॲपमधून बोटांचे ठसे लॉक केले, म्हणजे अंगठा वापरून कुणी पैसे काढू शकणार नाही. संचार साथी या दूरसंचार खात्याच्या वेबसाइटवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं, तर एक माझं नव्हतंच. ते बंद करायची तक्रार तिथेच टाकली. झेरॉक्सच्या दुकानात आधारच्या किती प्रती सोडून आलोय, ते आता मोजतोय.

परवा ग्रुपवर पुन्हा एक फाइल. 'लग्नपत्रिका', शेवटी डॉट एपीके, पाठवणारा चुलतभाऊ. उघडली नाही, सरळ फोन लावला. तो शेतात फवारणी करत होता, त्याला फाइलचा पत्ताच नाही.

"पत्रिका कसानी? मना पोऱ्या तं आते आठवीमा शे!"