सण-उत्सवांचा वर्गसंच : चक्र उत्तम, नकाशा सुमार

तिसरी-चौथीच्या वर्गासाठी सण-उत्सवांवर आधारलेले उपक्रमसंच आता सहज मिळतात. त्यांपैकी एक संच आम्ही यंदा वर्गात वापरला. गणित, विज्ञान, भूगोल, भाषा आणि कला या विषयांची सांगड सणांच्या आधारे घातली आहे, असा दावा त्याच्या वेष्टनावर आहे. पेटीत पुठ्ठ्याचे फिरते दिनदर्शिका-चक्र, मेणबत्त्यांची चित्रे असलेले पत्ते, कातरकामाचे रंगीत कागद, जगाचा नकाशा व त्यावर लावायची चिकटचित्रे, मुलाखतीच्या कार्यपत्रिका आणि शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका असते. छपाई स्वच्छ आहे आणि पुठ्ठा मुलांच्या हाताळणीत टिकणारा आहे. त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही.

अशा संचाची परीक्षा मी एकाच प्रश्नाने करतो. उपक्रमातून सणाचे नाव काढले, तर काय उरते? तोच उपक्रम जसाच्या तसा उरत असेल, तर विषयांची सांगड फक्त वेष्टनावर आहे असे समजावे. या कसोटीला संचातील काही भाग इतके उत्तम उतरतात की बाकीच्या भागांचा उथळपणा त्यामुळे अधिकच डोळ्यांत भरतो.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दिनदर्शिका-चक्र. बाहेरच्या चकतीवर सौर वर्षाचे ३६५ दिवस आणि आतल्या चकतीवर बारा चांद्र महिन्यांचे ३५४ दिवस आखलेले आहेत. एक वर्ष संपले की आतली चकती फरकाइतकी मागे सरकवायची. ईदची खूण दर वर्षी सुमारे ११ घरे मागे जाते, हे पाहताच एका मुलीने विचारले, "मग ईद कधी थंडीत आणि कधी उन्हाळ्यात येते का?" उत्तर देण्याची गरज पडली नाही. मुलांनी चकती फिरवत नेली आणि तेहतीस-एक वर्षांनी खूण सगळे ऋतू हिंडून जवळजवळ मूळ जागी आल्याचे स्वतःच शोधून काढले. त्यानंतर हस्तपुस्तिका एक पारदर्शक पट्टी लावायला सांगते; ती म्हणजे अधिक महिना. फरक साधारण एका महिन्याइतका साचला की पट्टी घालायची, आणि मग दिवाळीची खूण मागे घसरत न जाता ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परिसरातच फिरत राहते. चिनी नववर्षाचे गणितही याच जातीचे असल्यामुळे ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या पट्ट्यात कसे राहते, हे वेगळे शिकवावे लागत नाही. लीप वर्षाचा जादा दिवस चक्रात धरलेला नाही. या वयाला ते चालण्यासारखे आहे. वजाबाकी, चंद्राच्या कला, ऋतू आणि वेगवेगळ्या समाजांची कालगणना या चारही गोष्टी येथे एकमेकींवाचून समजत नाहीत, आणि सांगड म्हणतात ती हीच.

हनुकाचे पत्तेही याच तोडीचे आहेत. हा ज्यू सण आठ रात्री चालतो. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, अशा वाढत्या मेणबत्त्या लावतात आणि त्या पेटवण्यासाठी 'शमाश' ही जादाची मेणबत्ती रोज वेगळी असते. एकूण मेणबत्त्या किती लागतील, एवढाच प्रश्न पत्त्यावर आहे. बहुतेक मुलांनी बोटे मोजत बेरीज केली; मागच्या बाकावरच्या दोघांनी मात्र १ आणि ८, २ आणि ७ अशा जोड्या लावल्या, नवाच्या चार जोड्यांचे ३६ केले आणि त्यात आठ शमाश मिळवून ४४ वर बोट ठेवले. सणाची रीत नीट समजून घेतल्याखेरीज हे उत्तर येत नाही, कारण शमाश विसरणारा ३६ वरच थांबतो.

याउलट कंदिलांची कार्यपत्रिका पाहावी. इतके कंदील होते, त्यांतले इतके विकले, उरले किती? कंदिलांच्या जागी पेन्सिली घातल्या तरी काही बिघडत नाही. मुखवटे रंगवण्याचे पानही तसेच आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धती मांडली, तेव्हा मनापासून केलेली हेतुपूर्ण कृती हा तिचा गाभा मानला होता. आखून दिलेल्या रेषांत रंग भरण्यात मुलाचा स्वतःचा हेतू कोणता, हे शोधूनही सापडत नाही.

मेक्सिकोतील मृतांच्या स्मरणदिनांसाठी, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरसाठी, करतात ती कातरलेल्या कागदांची तोरणे हा कल्पनेने चांगला पण साहित्याने फसलेला उपक्रम आहे. कागदाची चौथी घडी घातली की सोळा थर होतात, आणि संचातला जाड कागद त्या अवस्थेत मुलांच्या कात्रीला दाद देत नाही. तेथील कारागीर पातळ कागदांची चळत रचून ती छिन्नीने कोरतात, ही माहिती हस्तपुस्तिकेत असती तर जाड कागद देणाऱ्यांनाही आपली गफलत कळली असती. आम्ही साधा पतंगी कागद आणला आणि सममितीचा पाठ सुरळीत पार पडला.

नवरोजच्या पानावर असाच एक दोष आहे. वसंतसंपाताला, २० मार्चच्या सुमारास, दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात. त्या दिवशी सुरू होणाऱ्या या नववर्षासाठी गहू किंवा मसूर आधीच पेरून हिरवे अंकुर तयार ठेवतात. हस्तपुस्तिका मात्र सणाच्या दिवशीच पेरायला सांगते. दोन-तीन आठवडे आधी पेरणी केली, तर रोज पट्टीने उंची मोजून आलेख काढता येतो आणि सणाच्या दिवशी हिरवळही हाती असते.

नकाशा हा संचातला सर्वांत कच्चा भाग आहे. एका देशावर एक सण अशी चिकटचित्रे दिली असून नवरोजचे चित्र केवळ इराणवर लावायचे आहे. युनेस्कोने २००९ मध्ये नवरोजची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली, तीच मुळी भारतासह सात देशांच्या नावे, आणि २०१६ मध्ये देशांची संख्या बारा झाली. सण माणसांबरोबर प्रवास करतात, ही भूगोलाची खरी गोष्ट या चिकटचित्रांनी झाकून टाकली आहे. आम्ही चित्रे बाजूला ठेवली आणि लोकरीचे धागे नकाशावर ताणले.

मुलाखतीच्या कार्यपत्रिकेत 'सणाच्या दिवशी घरी सर्वांत आधी कोण उठते आणि का?' असा एक फार चांगला प्रश्न आहे. त्यावर मुलांनी लिहिलेले परिच्छेद निबंधाच्या ठरीव साच्यातून कधीच आले नसते. मात्र प्रत्येक घरी सण होतोच, हे पत्रिकेने गृहीत धरले आहे. घरात कोणी गेल्यामुळे त्या वर्षी सण न करणारी, किंवा सण मानतच नसलेली कुटुंबेही असतात, आणि त्यांच्या मुलांसाठी रिकाम्या चौकटीशिवाय काही ठेवलेले नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांनी बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या ज्या चार पातळ्या सांगितल्या, त्यांत सण आणि थोर व्यक्ती यांच्यापाशीच थांबणे ही पहिली आणि सर्वांत सोपी पातळी आहे. हा संच चक्रामुळे त्या पातळीच्या वर चढतो आणि नकाशामुळे पुन्हा खाली येतो.

मूल्यमापनाचा तक्ता वापरू नये. त्यात सुबकपणा आणि वेळेत पूर्णता यांनाच गुण आहेत, मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना जागाच नाही. प्रत्येक उपक्रमाला एक तासिका पुरते, हा अंदाजही सोडून द्यावा. चक्रालाच आठवडा लागतो.

जो शिक्षक पेटीतले अर्धे साहित्य वगळायला कचरणार नाही, त्याने हा संच जरूर घ्यावा. ज्याला हस्तपुस्तिका पानोपान पाळायची आहे, त्याच्या वर्गात तो सजावटीचे सामान होऊन राहील. घेतल्यास चक्रापासून सुरुवात करावी, आणि त्याआधी महिनाभर मुलांना रोज चंद्राचे चित्र वहीत काढायला सांगावे. ढगाळ रात्रींची घरे कोरी सोडली तरी हरकत नाही.