स्कमव्हीएम : जुन्या साहसी खेळांसाठी एक भरवशाचा प्रोग्राम

जुन्या साहसी संगणक खेळांच्या आठवणी पुष्कळजण काढतात. परंतु तेच खेळ आजच्या संगणकावर पुन्हा खेळायचे म्हटले, की डॉस या जुन्या संगणक प्रणालीसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या यंत्रणेवर चालत नाहीत आणि उत्साह तिथेच मावळतो. ही अडचण दूर करणारा, माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे स्कमव्हीएम. २००१ साली सुरू झालेला हा मुक्तस्रोत प्रोग्राम स्वयंसेवक सांभाळतात आणि तो पूर्णपणे मोफत मिळतो.

त्याची मूळ कल्पना समजून घेण्यासारखी आहे. ल्युकासफिल्म गेम्सने १९८७ च्या ‘मॅनिअ‍ॅक मॅन्शन’साठी स्कम नावाची व्यवस्था तयार केली, तेव्हा कथा, चित्रे आणि संवाद यांच्या फायली एकीकडे आणि त्या वाचून खेळ चालवणारे इंजिन दुसरीकडे, अशी रचना केली. स्कमव्हीएमच्या कार्यकर्त्यांनी ते इंजिनच नव्याने लिहिले. त्यामुळे खेळाच्या मूळ फायली आपल्याजवळ असल्या, की तो खेळ विंडोज, मॅक, लिनक्स किंवा अँड्रॉइड यांपैकी कशावरही चालतो. पुढे सिएरा कंपनीचे खेळ, ‘मिस्ट’ आणि इतर अनेक खेळांची इंजिनेही त्यात आली.

मूळ फायली नसतील, तरी सुरुवात करता येते. कारण काही खेळ त्यांच्या निर्मात्यांनीच मोफत खुले केले आहेत. त्यांपैकी १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ मी आवर्जून सुचवेन. आरंभीच नायक फॉस्टर पाठलाग चुकवत एका कारखान्यात शिरतो. बाहेर पडण्याचे दार बंद असते आणि हाती शस्त्र नसते. कठड्याचा एक गज निघू शकतो, हे पडदा बारकाईने न्याहाळणाऱ्यालाच कळते. तो गज काढून दार उचकटायचे असते. फॉस्टरचा यंत्रमानव सोबती जोई याचे मन एका लहानशा सर्किट बोर्डात साठवलेले आहे आणि तो बोर्ड बसवण्यासाठी एखादा चालू शकणारा सांगाडा शोधावा लागतो. या नगरीत कष्टकरी माणसे धुराने भरलेल्या वरच्या थरांत राहतात, तर श्रीमंत मंडळी खाली, जमिनीलगत. जसजसे आपण लिफ्टने खाली उतरतो, तसतशी ही उलटी व्यवस्था आपल्याच डोळ्यांसमोर उलगडत जाते.

या खेळांचे शैक्षणिक मूल्य मला इथेच दिसते. त्यांत माहितीचा मारा नसतो. पण प्रत्येक वाक्य वाचावे लागते, प्रत्येक वस्तूचा उपयोग ताडून पाहावा लागतो आणि अडकल्यावर चिकाटीने विचार करावा लागतो. इंग्रजी शिकणाऱ्यांना आणखी एक लाभ होतो : ज्या खेळांत ध्वनिमुद्रित संवाद आहेत, त्यांत स्कमव्हीएममधून आवाजाबरोबर खालची अक्षरेही चालू ठेवता येतात, त्यामुळे शब्दाचा उच्चार आणि त्याचे स्पेलिंग एकाच वेळी मनात ठसते.

लहान मुलांसाठी ‘फ्रेडी फिश’ आणि ‘पट-पट’ या मालिका उत्तम आहेत. ‘मंकी आयलंड’ या साहसी खेळाचे निर्माते रॉन गिल्बर्ट ज्या ह्युमंगस एंटरटेनमेंटचे एक संस्थापक होते, तिथेच या मालिका तयार झाल्या. फ्रेडी फिशच्या खेळांत हव्या असलेल्या वस्तूंच्या जागा दर खेपेला बदलू शकतात, त्यामुळे केवळ पाठांतरावर मुलाचे भागत नाही. त्याला पुन्हा शोधावेच लागते.

सगळेच जुने खेळ इतके न्याय्य नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सिएराच्या १९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये एका बुटक्याचे नाव ओळखायचे असते. उलटा विचार करावा, एवढाच संकेत मिळतो आणि उत्तर काढण्यासाठी संपूर्ण वर्णमालाच उलटी लावावी लागते. अशा ठिकाणी मुलाला एकटे सोडू नये. शेजारी बसून कागदावर अक्षरे मांडून दाखवली, तर तोच वैताग सांकेतिक लिपीचा एक सुंदर धडा ठरतो. सिएराच्या काही खेळांत एखादी वस्तू मागे राहिली, तर पुढे वाटच बंद होते, म्हणून खेळ वेगवेगळ्या नावांनी वारंवार जतन करावा.

स्कमव्हीएमच्या उणिवा थोड्या आहेत. नवख्या माणसाला खेळाचा नेमका फोल्डर दाखवण्याची पायरी गोंधळात टाकते. फोनवर तर मूळची लहान चित्रे बोटाखाली झाकली जातात आणि किल्ली किंवा दोरीसारखी बारीक वस्तू हाती लागत नाही, म्हणून मोठा पडदा आणि माऊस असेल तिथेच खेळावे. कंट्रोल आणि एफ५ ही बटणे एकत्र दाबली, की खेळ जतन करण्याचा आणि इतर मांडणी बदलण्याचा मेनू उघडतो. एवढे सुरुवातीलाच ठाऊक असले, तर पुढे फारसे काही शोधत बसावे लागत नाही.