बाळाचं सीआरआरटी डायलिसिस: टीम एक नंबर, डिस्चार्ज मात्र ढिसाळ

ज्यांच्या बाळाला युरिया सायकलचा आजार निघालाय (म्हणजे एन्झाइम कमी असल्यामुळे प्रोटीनपासून बनणारा विषारी अमोनिया शरीराबाहेर जात नाही, रक्तात साठतो) त्यांच्यासाठी लिहितोय, हॉस्पिटलचं नाव टाकत नाही. सीआरआरटी म्हणजे हळूहळू सलग चालणारं डायलिसिस. आमच्या मुलाचा अमोनिया लिटरमागे हजार मायक्रोमोलच्या वर गेलेला, नवजात बाळात तो साधारण शंभरच्या आत असतो, आणि पाचशे ओलांडून चढतच राहिला की डॉक्टर नुसत्या औषधांवर थांबत नाहीत. इथे सगळ्यात जास्त मार्क देईन. जेनेटिक रिपोर्टची वाट बघत न बसता नेफ्रोलॉजिस्टने (किडनीच्या डॉक्टरांनी) लगेच डायलिसिससाठी गळ्याच्या शिरेत कॅथेटर (नळी) टाकला, कारण बाळ जितका वेळ कोमात तितका मेंदूला धोका जास्त. एकीकडे दुधातलं प्रोटीन बंद, ग्लुकोज जोरात चालू, सोडियम बेंझोएट आणि आर्जिनिन ही अमोनिया उतरवायची औषधं शिरेतून, हे सगळं एकाच वेळी.

मशीन बघून पोटात गोळा येतो हो. तीन किलोच्या बाळात रक्त असतंच किती, जेमतेम २४० मिली, आणि त्यातलं बरंचसं नळ्या-फिल्टरमध्येच बाहेर राहणार, म्हणून नळ्या आधी दात्याच्या रक्ताने भरून घेतात, हे सिस्टरनी न विचारता समजावलं. रक्त बाहेर फिरून गार होतं म्हणून वॉर्मरही लावलेला. साधं हिमोडायलिसिस अमोनिया झपाट्याने उतरवतं पण बीपी कोसळू शकतं आणि बंद केल्यावर आकडा परत उसळतो, म्हणून आमच्याकडे हळूहळू सलग चालणारं सीआरआरटी निवडलं. फिल्टर मध्येच गुठळ्यांनी बंद पडला, अलार्म तर रात्रभर, पण बदलायला कुणी आळस केला नाही.

खटकलं ते लॅबचं. अमोनियाचं सॅम्पल बर्फात ठेवून ताबडतोब पोचवावं लागतं, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो. एकदा ते तसंच टेबलावर पडून राहिलं, मग परत टोचलं बाळाला.

आणि डिस्चार्जला तर फक्त औषधांची यादी. अरे, मशीनने अमोनिया काढला, एन्झाइमची कमतरता तशीच आहे ना! उद्या साधा ताप, उलट्या झाल्या, दूध प्यायचं बंद केलं तरी अमोनिया परत चढू शकतो, तेव्हा काय करायचं हे कुणी लिहून दिलं नव्हतं. मेटाबॉलिक डॉक्टरांच्या मागे लागून इमर्जन्सी लेटर घेतलं, तुम्ही घरी निघायच्या आधीच मागा. डाएटिशियनची वेळही तेव्हाच ठरवून घ्या. पाचपैकी चार स्टार, आणि ते चारही आयसीयूच्या टीमला.